उच्छ्वास

‘सुटी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदातून आला, हे सांगायला भाषाशास्त्राचा अभ्यास लागत नाही. दाव्याचे वासरू सुटते, फलाटावरची गाडी सुटते, तशीच वर्षातून एकदा शाळेतली मुले सुटतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा सुटी ‘लागत’ असे. डोळा लागावा तशी ती आपोआप लागायची. तिच्यासाठी आपल्याला काही करावे लागत नसे. महाविद्यालयात आल्यावर सुटी ‘मिळू’ लागली. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आले आणि कळले, की यापुढे ती ‘काढावी’ लागणार आहे. आणि जी गोष्ट काढावी लागते ती विहिरीच्या पाण्यासारखी असते. पोहऱ्यात येईल तेवढीच आपली.

यंदाचा उन्हाळा मी पुण्यात राहून काढला. घरी न गेलेला हा माझा पहिलाच उन्हाळा. त्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे मनात आले, ते तक्रार करण्यासाठी नव्हे. आजवरच्या इतक्या उन्हाळ्यांत जे माझ्या ध्यानात आले नव्हते ते या एका उन्हाळ्यात आले. ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू.

माझे घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. कोकणातल्या घरी उन्हाळा म्हणजे नुसता आराम, अशी घाटावरच्या माझ्या मैत्रिणींची समजूत आहे. ती खरी नाही. मृगाच्या आत सारे उरकायचे असते, म्हणून वर्षातली मोठी लगबग मे महिन्यातच. पहाटे उठून आढी उघडायची. पेंढ्यात घातलेले आंबे एका दिवशी पिकत नाहीत. रोज थोडे थोडे पिकतात. आजी हात न लावता वासानेच सांगायची, ‘तो कोपऱ्यातला काढ गो, आज झाला.’ मग रातांबे फोडायचे. साले वेगळी, बिया वेगळ्या. साले उन्हात घालायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची. अशी पुटावर पुटे चढली म्हणजे त्यांची काळीभोर आमसुले होतात. आम्हां भावंडांचे तळहात मेअखेरपर्यंत लाल असायचे. अंगणात फणसपोळी, आंब्याची साठे, पोह्याचे पापड, आणि कावळे राखायला आम्ही. उन्हे उतरली की करवंदांच्या जाळ्या. तिथे दर करवंद फोडताना पैज असायची, कोंबडा की कोंबडी? आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. या पैजेवर मी पसाभर काजू तरी हरले असेन.

हे सारे ढिगाने होते, आणि ढिगातल्या एकेका वस्तूकडे कोण पाहतो? आंबा खाल्ला याची आठवण राहते. अमुक दिवशीचा अमुक आंबा आठवत नाही. मला तर एकही आठवत नाही.

मग ३ जून २०२० आला. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनच्या बाजूला आणि आमच्याकडे दापोली-मंडणगडात त्याने काय केले, ते वर्तमानपत्रांतून येऊन गेले आहे. आमच्यापुरते सांगायचे तर आजोबांनी लावलेली नारळी-पोफळीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. पोफळ वाऱ्यात वाकते, मोडत नाही, असे बाबा नेहमी सांगत. त्या दुपारी ती मोडली. भात बुडाले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येते. पोफळीचे रोप लावले की ते धरायला पाच-सात वर्षे जातात. बाबांनी नवी रोपे लावली आणि वाट पाहायला सुरुवात केली. माझे शिक्षण थांबले नाही. पण पुण्यातला राहण्या-जेवणाचा खर्च मी माझा भागवावा, हे कोणी कोणाला न सांगताच ठरून गेले. मुलांना घरून पैसे येतात, मला घरून आंबे येतात, असे मी विनोदाने म्हणते.

तर यंदाचा दिवसाचा हिशेब असा होता. राहणे सदाशिव पेठेत, ‘कॉट बेसिस’वर. या शब्दाचा अर्थ पुण्यात राहिलेल्यांना सांगायला नको. खोली आपली नसते, खाट आपली असते. आणि खाटेखालची जागाही आपलीच धरतात, हा त्यातला मोठेपणा. सकाळी सहा ते नऊ एका छापखान्याची मुद्रिते तपासायची. साडेदहा ते साडेपाच दप्तरात. संध्याकाळी दोन मुलांची शिकवणी. रात्री अभ्यासिकेत बसून दिवसाच्या टिपणांची नक्कल. लघुप्रबंध जूनच्या मध्यावर द्यायचा होता, आणि दप्तराची दारे काही माझ्यासाठी रात्री उघडी राहणार नव्हती. घरी जायचे तर सहा-सात तासांची गाडी, परतीची तेवढीच. आणि एकदा घरी गेलेला माणूस दोन दिवसांत परत येत नाही, हे मी स्वतःला पुरते ओळखते.

दप्तर म्हणजे पुण्याचे पुरालेखागार. जुन्या लोकांच्या तोंडी पेशवे दप्तर. एकोणिसाव्या शतकातली दगडी इमारत. आत कागद फडक्यांत बांधून ठेवलेले असतात, त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. जे छापले गेले नाहीत ते कागद त्याहून कितीतरी पटींनी अधिक. सारे मोडीत. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही. वर्षाच्या जागी साधा आकडा सापडेल तर शपथ! वर्ष सांगायचे ते अरबी शब्दांत: इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार. चांद्र तारखेच्या आधी ‘छ’. पहिल्या आठवड्यात दिवसाकाठी एक पान उलगडले तरी मी खूश असे. आमच्या सरांनी सांगितलेच होते, ‘मोडीला घाई चालत नाही. तुम्ही बसून राहा, ती बोलू लागेल.’

माझा विषय अठराव्या शतकातील पुण्याचा पाणीपुरवठा. भर मे महिन्यात पाण्याविषयी वाचत बसावे, यात एक प्रकारचा गारवा होता, हे कबूल केले पाहिजे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरात बांध घालून पाणी अडवले आणि जमिनीखालून बांधीव नळाने ते शहरात आणले. त्याला पंप नाही, यंत्र नाही. साधला तो फक्त उतार. शहरात ठिकठिकाणी हौद, आणि हौदावर भरणारी माणसे. खडकवासल्याचे धरण पुरे झाले ते १८७९ साली. त्याआधी शंभरावर वर्षे पुण्याच्या पेठांचा मोठा आधार हे कात्रजचे पाणी होते.

या नळाच्या वर्णनात एक शब्द वारंवार येतो: उच्छ्वास. नळ जमिनीखालून, अंधारातून येतो. तो सगळाच बंद ठेवला तर आत हवा कोंडते आणि कोंडलेली हवा पाण्याला अडवते. म्हणून अंतराअंतरावर जमिनीपर्यंत वर उघडणारी उभी तोंडे बांधलेली आहेत. त्यांतून हवा बाहेर पडते आणि गाळ साचला तर माणसाला खाली उतरता येते. त्यांना नाव दिले उच्छ्वास. ज्या कोणा गवंड्याने किंवा कारकुनाने हे नाव प्रथम वापरले असेल, त्याने नळाला जिवंत मानले असले पाहिजे.

मी पुष्कळ दिवस त्या शब्दापाशी घुटमळत राहिले. नळाच्या हिशेबाने पाहिले तर उच्छ्वासातून एक थेंबही पुढे जात नाही. खर्च झालेला चुना आणि दगड वेगळाच. पण तो नसता तर मागचे पाणीही पुढे गेले नसते. मग वाटले, माझ्या या दिवसांना तरी दुसरे काय लागते आहे? दीड महिन्याची सुटी मला नको होती. ती मिळणारही नव्हती. मला हवी होती अंतराअंतरावर, वर आभाळ दिसेल एवढी, एकेक उघडी जागा.

अशा जागा मी शोधू लागले, आणि त्या होत्याच.

दप्तराकडे जाताना बसमधून एक थांबा आधी उतरले की वाटेत बहाव्याचे झाड लागते. एप्रिलअखेर त्याची पाने जवळजवळ दिसेनाशी होतात आणि पिवळ्या फुलांचे घोस नुसते लोंबत असतात. त्या झाडाखालून जायला मिनिटभरही लागत नाही. पण महिनाभर मी रोज त्याच्याकडे पाहिले, म्हणून कोणत्या दिवशी तो ऐन भरात होता आणि कोणत्या दिवशी पहिल्या पाकळ्या रस्त्यावर पडल्या, हे मला सांगता येते. आमच्या गावातल्या एकाही झाडाविषयी मला हे सांगता येणार नाही.

वसंत व्याख्यानमाला ही दुसरी जागा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली ती सुरू झाली. पुण्याच्या ऐन उन्हाळ्यात, बाहेरगावची मुले घरी गेलेली असताना, रोज संध्याकाळी कोणी तरी उभे राहून काही तरी समजावून सांगते, आणि लोक घाम पुसत ऐकतात, ही गोष्ट मला फार आवडली. शिकवणी आटोपून मी पोचेपर्यंत अर्धे व्याख्यान झालेले असे. म्हणून मी यंदा सात-आठ विषयांचा केवळ उत्तरार्ध जाणते. पूर्वार्ध काय असेल याचा तर्क करीत पायी परत यावे, यातही एक करमणूक आहे.

रविवारी पहाटे पर्वती. वर गेल्यावर दक्षिणेला कात्रजचे डोंगर दिसतात, आणि माझा सारा लघुप्रबंध डोळ्यांपुढे पसरलेला असतो. ज्या नानासाहेबांच्या वेळी ते पाणी आले ते याच टेकडीवर जून १७६१ मध्ये, पानिपतानंतर पाचच महिन्यांनी वारले. तिथे बसून मी काही फार गहन विचार करीत असे असे नाही. बहुधा शेंगदाणे खात असे. पण आठवड्यातून एकदा आपले काम उंचावरून पाहिले की ते आटोक्यातले वाटते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांनी आंब्यांची पेटी पाठवली. दापोलीच्या एसटीतून ती आली आणि मी स्वारगेटवर जाऊन घेतली. खाटेखालच्या माझ्या हक्काच्या जागेत मी पेंढा पसरून लहानशी आढी घातली. दोन दिवसांत खोलीला घराचा वास येऊ लागला. घरी आढीत शेकड्यांनी आंबे असत. इथे मोजून चोवीस. त्यामुळे रोज रात्री वाकून, वास घेऊन, ‘आज कोण?’ हे ठरवावे लागे. आजी जे वर्षानुवर्षे करीत आली ते मी प्रथमच मन लावून केले. यंदाचे चोवीसही आंबे मला आठवतात. तेरावा थोडा आंबट होता.

माझ्या खोलीत लातूरकडची एक मुलगी आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. पहिल्या रात्री आंबा खाता खाता मी तिला आमच्या उन्हाळ्याचे सारे पुराण सांगितले: रातांबे, करवंदे, समुद्र. तिने ते मनापासून ऐकले. मग मी विचारले, ‘तुमच्याकडचा उन्हाळा कसा असतो?’ कोय चोखून बाजूला ठेवीत ती म्हणाली, ‘आमच्याकडं उन्हाळा आठवायचा नसतोय बाई, काढायचा असतोय.’

त्यावर आम्ही दोघी हसलो आणि विषय संपला. पुढे आठ दिवसांनी वळीव आला. चार वाजता आभाळ भरले, धुळीचा लोट उठला, आणि मग टपोरे थेंब, पाठोपाठ गारा. रविवार होता, म्हणून मी खोलीवर होते. मी गारा वेचायला गच्चीत धावले. मागे वळून पाहते तो ही बया बादली घेऊन पन्हळीखाली उभी! बादली भरली, तशी तिने दुसरी लावली. नळाला पाणी होते, टाकी भरलेली होती. मी म्हटले, ‘अगं, हे कशाला?’ ती म्हणाली, ‘सवय.’ मग त्या बादल्यांशेजारी बसून तिने मला २०१६ सालचा एप्रिल सांगितला. त्या वर्षी लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ती तेव्हा शाळेत होती. गाडी आली त्या दिवसाची चित्रे सगळ्या देशाने पाहिली. तिला आठवते ती घागरींची रांग आणि रांगेत पाठ केलेली इतिहासाची सनावळी. ‘माझा इतिहास रांगेत पक्का झाला,’ असे ती म्हणाली. बोलण्यात कडवटपणा नव्हता. बादलीतल्या पाण्यात तिने हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्या संध्याकाळी मला जे वाटले ते नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मी कात्रजच्या पाण्याचे कागद वाचीत होते. हिशेब, मजुरी, दुरुस्ती. हौदावर घागर लावून उभ्या राहिलेल्या बायकांच्या नावाने त्या कागदांत काही लिहिलेले मला आढळले नव्हते. आता त्यांतली एक माझ्या शेजारी बसली आहे, असे वाटले. दुसऱ्या दिवशी मी लघुप्रबंधात एक प्रकरण वाढवले. ते छोटे आहे, पण सरांना तेच आवडले.

मेच्या अखेरीस एके रात्री बाबांचा फोन आला. बाबा फोनवर फार बोलणारे नाहीत. ‘काय गो, जेवलीस? बरे आहे ना? आईला देतो,’ एवढ्यात त्यांचे संभाषण आटोपते. त्या दिवशी मात्र त्यांनी आईला फोन दिला नाही.

‘वाडीत घड धरला,’ ते म्हणाले. ‘विहिरीकडच्या तिसऱ्या झाडाला. पहिला.’

वादळानंतरचा पहिला घड! मला वाटले, आत्ताच्या आत्ता उठावे आणि स्वारगेट गाठावे. व्हिडिओवर दाखवा, असे मी म्हटले. पण आमच्याकडे मोबाईलला रेंज मिळते ती देवळाच्या पारावर, आणि घड काही पारावर येईना. तेव्हा बाबांनी तो मला सांगायला सुरुवात केली. झाड किती वर गेले आहे; त्यांच्या दोन पुरुष उंचीला किती कमी. घड कोणत्या अंगाला आहे. सुपाऱ्या अजून हिरव्या, बोराएवढ्या. सकाळी ऊन कुठून येते तेव्हा तो दिसतो. आजीला खुर्चीत बसवून विहिरीपर्यंत नेऊन दाखवला. तिने हात जोडले की ऊन लागले म्हणून हात कपाळाला लावला, ते काही नीट कळले नाही. दहा मिनिटे बाबा सलग बोलत होते. मी त्यांना इतके सलग बोलताना आयुष्यात ऐकले नव्हते.

घरी असते तर काय झाले असते? बाबांनी बोट दाखवून ‘तो बघ’ म्हटले असते, मी ‘अय्या’ म्हटले असते, आणि दोघे आपापल्या कामाला लागलो असतो. मी तिथे नव्हते म्हणून बाबांना शब्द शोधावे लागले, आणि ते त्यांना सापडले. घरापासून लांब राहण्यात तोटा आहे, तो मी लपवीत नाही. फोन ठेवल्यावर मी रडले, हेही लपवीत नाही. पण तो घड जितका मी पाहिला तितका, तो डोळ्यांनी पाहणाऱ्या माझ्या भावानेही पाहिला नसेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कागदांचे काम संपत आले. दप्तरातले शुहूर सन मृगापासून बदलते. त्याला ‘मृगसाल’ असेच म्हणतात. सूर्य मृग नक्षत्रात गेला, की कागदावरचे वर्ष नवे. आपल्या जुन्या कारकुनांनी वर्षाचा शेवट थंडीत ठेवला नाही, उन्हाळ्याच्या टोकाला ठेवला, हे मला फार रास्त वाटते. शेतकऱ्याचे वर्ष तिथेच संपते, विद्यार्थ्याचेही तिथेच. जे वाळवायचे ते वाळवून झालेले असते, जे लिहायचे ते लिहून झालेले असते, आणि उरलेले पावसाच्या हवाली करायचे असते.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना पुढे नोकऱ्या लागतील, संसार होतील. आता कोणालाच पूर्वीसारखी सुटी ‘लागणार’ नाही. ‘एवढे काम संपू दे, मग निवांत भेटू, मग घरी जाऊ, मग फुले पाहू,’ असे आपण एकमेकांना सांगत असतो. आढीतला आंबा या ‘मग’साठी थांबत नाही. त्याचा दिवस असतो. त्या दिवशी काढला तर अमृत, दुसऱ्या दिवशी नासका. नळ बांधणाऱ्यांनी पाणी सोडल्यावर उच्छ्वासांचा विचार केला नाही. कुठे उघडायचे ते बांधतानाच ठरवले. आपणही आपल्या दिवसांची आखणी करताना कामाच्या तासांबरोबर एखादा बहावा, एखादे अर्धे व्याख्यान, घरचा एखादा लांबलेला फोन यांची जागा आधीच राखून ठेवावी. त्यातून काही पुढे जात नाही असे दिसते. पण पाणी पोचते ते त्यामुळेच.